वाचकांचे प्रश्न : गोव्यात जळणाऱ्या गॅसचा कार्बन कसा मोजायचा?

प्रश्न : आमच्या उच्च माध्यमिक विद्यालयातली मुलं गोव्यातल्या नैसर्गिक वायूपासून वर्षभरात किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, याचा हिशेब मांडत आहेत. घरगुती गॅसचा आकडा घनमीटरमध्ये, सीएनजीचा किलोत, तर कारखान्यांचा एमएमबीटीयूमध्ये (दहा लाख ब्रिटिश थर्मल युनिट, हे उष्णतेचं एकक) मिळतो. बेरीज करायची कशी? – एक शिक्षिका, फोंडा

उत्तर : आधी सगळं उष्णतेच्या एककात आणा, मग गुणा. नैसर्गिक वायूचा आयपीसीसीचा (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीचा) गुणांक 1 गिगाज्यूलला 56.1 किलो कार्बन डायऑक्साइड असा आहे. पण तो निव्वळ उष्मांकावर बेतलेला आहे आणि नेमकी इथेच चूक होते. आपल्याकडे एमएमबीटीयूचं बिल एकूण उष्मांकावर होतं. गॅस जळताना तयार होणाऱ्या वाफेतली उष्णता एकूण उष्मांकात धरतात, निव्वळमध्ये नाही, आणि दोहोंत सुमारे दहा टक्क्यांचा फरक पडतो. 1 एमएमबीटीयू म्हणजे 1.055 गिगाज्यूल. त्याला सरळ 56.1 ने गुणलंत तर 59 किलो येतात. खरं उत्तर 53 च्या आसपास आहे. म्हणून बिलातला आकडा आधी 0.9 ने गुणा.

ढोबळ ताळ्यासाठी : 1 प्रमाणित घनमीटर जळला की साधारण 2 किलो, 1 किलो सीएनजी जळला की 2.7 किलो. प्रमाणित म्हणजे 15 अंश सेल्सिअस आणि वातावरणाचा दाब. कुणी 0 अंशावरचे घनमीटर दिले असतील तर तेवढ्याच आकड्यात साडेपाच टक्के गॅस जास्त असतो, तेव्हा आकडा देणाऱ्याला तापमान विचाराच.

दुसरी नेहमीची चूक दुबार मोजणीची. मोठ्या वाहिनीतून शहर गॅस कंपन्यांना (उत्तर गोव्यात गोवा नॅचरल गॅस, दक्षिणेत इंडियन ऑइल-अदानी) दिलेला गॅस आणि त्याच कंपन्यांनी ग्राहकांना विकलेला गॅस, हे दोन्ही आकडे बेरजेत घेऊ नका. एकच घ्या, दुसरा पडताळणीला ठेवा.

प्रश्न : झुआरीनगरच्या खत कारखान्यातला गॅस सगळा जळतो असं धरायचं का? – विद्यार्थी, वास्को

उत्तर : नाही, आणि गोव्याच्या हिशेबात हा प्रश्न कळीचा आहे. युरिया बनवताना गॅस दोन कामांना लागतो : भट्टी तापवायला आणि अमोनियासाठी हायड्रोजन मिळवायला. हायड्रोजन काढताना निघालेला कार्बन डायऑक्साइड धुऊन वेगळा करतात आणि युरियाच्या विभागात पाठवतात. तिथे तो अमोनियाशी जुळून युरियातच बसतो. युरियाच्या 60 भारात 44 भार त्याचा, म्हणजे टनामागे 733 किलो. 45 किलोच्या एका गोणीत असा 33 किलो कार्बन डायऑक्साइड बांधलेला असतो. गोणी शेतात फुटली आणि युरिया मातीत विरघळला की तो सुटतो. मग ते शेत सत्तरीत असो वा बेळगावात, नोंद तिथल्या शेतीच्या रकान्यात होते.

म्हणून कारखान्याचा सगळा गॅस ‘अमोनिया उत्पादन’ या एकाच सदरात घ्या, त्यातून युरियात गेलेला भाग वजा करा आणि ‘औद्योगिक इंधन’मध्ये तोच गॅस पुन्हा धरू नका. तसंच गोव्यात वापरलेला युरिया, कुठेही बनलेला असला तरी, शेतीत मिळवायला विसरू नका. ही वजाबाकी सुटली तर राज्याचा आकडा विनाकारण फुगतो.

प्रश्न : आमच्या पाइपच्या गॅसचं महिन्याचं बिल 13 युनिटचं येतं. सिलिंडरपेक्षा हे खरंच कमी प्रदूषण का? – गृहिणी, म्हापसा

उत्तर : 13 युनिट म्हणजे 13 घनमीटर गॅस, म्हणजेच सुमारे 26 किलो कार्बन डायऑक्साइड. बारीक सांगायचं तर घरच्या मीटरवर सहसा तापमानाची दुरुस्ती नसते. गोव्यातल्या 30 अंशांत गॅस फुगतो, पाइपातला किंचित जास्त दाब त्यातलं थोडं भरून काढतो, तरी प्रमाणित घनमीटर 3 टक्क्यांनी कमीच भरतात. 14.2 किलोचा सिलिंडर संपला की सुमारे 42 किलो सुटतो. तेवढीच उष्णता पाइपच्या 19 घनमीटरमधून मिळते आणि 38 किलोच्या आत भागतं. अकरा टक्क्यांची ही बचत खरी आहे, पण गळती नसेल तरच. न जळता सुटलेला मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीस-तीस पट तापवतो. म्हणून शेगडीची रबरी नळी मुदतीत बदला आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का, ते पाहा.

प्रश्न : सिंधुदुर्गातली रिक्षा पेडण्यात सीएनजी भरून परत गेली तर धूर कुणाच्या खात्यावर? – वाचक, पेडणे

उत्तर : जिथे विक्री, तिथे नोंद. गोव्याच्या.