पायातलं ब्लॉकेज, हृदयातलं ब्लॉकेज: फुगा कधी, गोळ्या कधी?

या वेळी आलेल्या पत्रांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आहे: "डॉक्टरांनी नळी घालून ब्लॉकेज उघडायला सांगितलंय, करू का?" कुणाचं ब्लॉकेज पायात आहे, कुणाचं हृदयात. या उपचारात नळीच्या टोकावरचा फुगा फुगवून वाहिनी रुंद करतात आणि कधी ती उघडी राहावी म्हणून आत जाळीची छोटी नळी, म्हणजे स्टेंट, बसवतात. दोन्हीकडे बहुतेक वेळा रोग एकच असतो. रक्तवाहिनीच्या भिंतीत चरबी आणि कॅल्शियम साचतं आणि वाट अरुंद होते. म्हणून पाय आणि हृदय, दोन्हींची उत्तरं इथे एकत्र देतो आहे.

प्रश्न: वडील ६८ वर्षांचे आहेत, बरीच वर्षं शुगर आहे. थोडं चाललं की पोटरीत गोळा येतो, थांबले की दोन मिनिटांत बरं वाटतं. आधी मणक्याचा एमआरआय झाला. आता एका डॉक्टरांनी पायाची अँजिओग्राफी करून लगेच फुगा टाकायला सांगितलं आहे. (सोलापूर)

तुम्ही लिहिलेल्या एका वाक्यात निम्मं निदान आहे: थांबले की दोन मिनिटांत बरं वाटतं. मणक्यातली नस दबली असेल, तर नुसतं थांबून भागत नाही, बसावं किंवा पुढे वाकावं लागतं. पोटरीला रक्त कमी पडत असेल, तर जागच्या जागी उभं राहिलं तरी दुखणं ओसरतं.

अँजिओग्राफीच्या आधी एक साधी तपासणी करून घ्या. घोट्याजवळचा रक्तदाब आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचं गुणोत्तर काढतात. ते ०.९ किंवा त्याहून कमी आलं, तर पायात ब्लॉकेज आहे असं धरतात. वडिलांना शुगर आहे, म्हणून एक सावधगिरी सांगतो. अशा रुग्णांच्या वाहिन्या कॅल्शियमने इतक्या कडक होतात, की रक्तदाबाचा पट्टा त्यांना दाबू शकत नाही आणि आकडा खोटाच चांगला येतो. तसं वाटलं, तर पायाच्या अंगठ्यातला दाब मोजायला सांगा आणि कलर डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करा.

आता फुग्याविषयी. पायाला जखम नाही, झोपेत दुखत नाही, फक्त चालताना दुखतं. अशा अवस्थेत घाई नसते. पहिला उपचार चालण्याचाच, पण तो शिस्तीने करायचा: दुखणं बऱ्यापैकी वाढेपर्यंत चालायचं, थांबायचं, ओसरलं की पुन्हा चालायचं. एका वेळी अर्धा ते पाऊण तास, आठवड्यातून किमान तीनदा, निदान तीन महिने. हा वेळकाढूपणा नाही. अमेरिकेत २०१२ साली क्लेव्हर नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पोटाच्या आणि जांघेच्या वरच्या भागातल्या वाहिन्यांत ब्लॉकेज असलेले १११ रुग्ण त्यात होते. सहा महिन्यांनी ट्रेडमिलवर सर्वांत जास्त सुधारणा देखरेखीखाली व्यायाम केलेल्यांत दिसली, स्टेंट बसवलेल्यांहूनही जास्त. मात्र रोजच्या जगण्यात किती बरं वाटतं, हे विचारल्यावर स्टेंटवाले थोडे पुढे होते. तीन-चार महिने मनापासून चालूनही वडिलांचं घराबाहेर पडणं अडत असेल, तर मग फुग्याचा विचार जरूर करा. अंतर वाढवणारी सिलोस्टाझोलची गोळीही मिळते, पण हृदय कमजोर असेल तर ती चालत नाही.

एक गोष्ट मला वडिलांच्या पोटरीपेक्षा महत्त्वाची वाटते. पायाच्या वाहिन्या तुंबलेल्या माणसाला जिवाचा खरा धोका हार्ट अटॅक आणि लकव्याचा असतो. म्हणून कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी, रक्त पातळ ठेवणारी गोळी, बीपी-शुगरवर ताबा आणि तंबाखू बंद, हे सगळं आजच सुरू व्हायला हवं. फुगा टाकला तरी आणि नाही टाकला तरी.

प्रश्न: आईच्या अंगठ्याची जखम दीड महिना भरत नाही. रात्री पाय इतका ठणकतो, की ती तो पलंगाखाली सोडून बसते. एका ठिकाणी फुगा सांगितला, दुसऱ्या ठिकाणी बायपास. आम्ही गोंधळलो आहोत. (कोल्हापूर)

ताई, हे उत्तर वाचून होताच पुढच्या दोन-तीन दिवसांत आईला पायाच्या रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञांकडे न्या. न भरणारी जखम आणि रात्रीचं हे दुखणं याचा अर्थ पायाला जगण्यापुरतंही रक्त पोचत नाहीये. बोट काळं पडलं, पायावर लाली चढली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी न्या. वरच्या प्रश्नातला 'आधी चालून बघा' हा सल्ला तुमच्या आईला अजिबात लागू नाही.

नळी घालून वाहिनी उघडण्याचा हा उपचार मुळात अशाच एका पायासाठी जन्मला. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात चार्ल्स डॉटर यांनी ८२ वर्षांच्या एका बाईंच्या मांडीतली अरुंद वाहिनी, एकापेक्षा एक जाड नळ्या सरकवत रुंद केली. पायाला गँगरीन होतं, डॉक्टरांनी पाय कापायला सांगितला होता आणि बाईंनी ठाम नकार दिला होता. तो पाय वाचला. पुढे आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी फुगा बनवला. तोही १९७४ मध्ये आधी पायात वापरला आणि मग १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये हृदयात. आज घरोघरी माहीत असलेली हृदयाची अँजिओप्लास्टी पायाकडून आलेली आहे.

तुमचा गोंधळ साहजिक आहे, कारण अगदी अलीकडचे दोन मोठे अभ्यासही वरवर पाहता एकमेकांविरुद्ध बोलतात. २०२२ मध्ये बेस्ट-सीएलआय हा १८३० रुग्णांचा अभ्यास आला. मांडी-पोटरीतली बायपासला लागणारी स्वतःची शीर चांगली असलेल्या १४३४ जणांत बायपास सरस ठरला. मृत्यू, घोट्याच्या वर पाय कापणं किंवा मोठी फेरशस्त्रक्रिया यांपैकी काहीतरी बायपासवाल्यांत ४२.६ टक्क्यांना घडलं, नळीवाल्यांत ५७.४ टक्क्यांना. ज्यांची शीर चांगली नव्हती, त्यांच्यात दोन्ही उपचार सारखेच ठरले. लगेच पुढच्या वर्षी ब्रिटनमधून बेसिल-२ आला. त्यात ३४५ रुग्ण होते आणि सगळ्यांना गुडघ्याखालच्या वाहिन्यांवर उपचार लागणार होते. तिथे उलटं दिसलं: पाय कापावा लागणं किंवा मृत्यू हे बायपासवाल्यांत ६३ टक्के, नळीवाल्यांत ५३ टक्के.

यातला कुठलाच अभ्यास चुकीचा नाही, रुग्ण वेगळे होते. तुम्ही दोन्ही डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. ब्लॉकेज मांडीत आहे की गुडघ्याखाली? पायातल्या शिरेची सोनोग्राफी करून ती बायपासच्या लायकीची आहे का, ते पाहिलं का? आईचं हृदय आणि फुप्फुसं मोठी शस्त्रक्रिया झेपवतील का? शीर चांगली, प्रकृती धडधाकट आणि ब्लॉकेज मांडीतलं लांबलचक असेल, तर मी स्वतः बायपासकडे झुकेन. वय जास्त, हृदय कमजोर आणि ब्लॉकेज पोटरीत असेल, तर नळीकडे.

पोटरीच्या बारीक वाहिन्यांसाठी हळूहळू विरघळणारा स्टेंटही आता आला आहे. २६१ रुग्णांच्या लाइफ-बीटीके अभ्यासात तो साध्या फुग्यापेक्षा चांगला ठरला आणि २०२४ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. हृदयासाठी बनवलेला असाच एक विरघळणारा स्टेंट मात्र गुठळ्यांचं प्रमाण जास्त दिसल्यावर २०१७ मध्ये बाजारातून गेला. नवं म्हणजे चांगलंच, असं या क्षेत्रात म्हणता येत नाही. तुमच्या आईच्या बाबतीत त्या स्टेंटची वाट पाहत बसू नका.

प्रश्न: जिना चढताना छातीत किंचित दाटतं. अँजिओग्राफीत एका वाहिनीत ८० टक्के ब्लॉकेज निघालं. टेबलावरूनच घरच्यांना विचारलं, "स्प्रिंग आत्ताच बसवायची का?" आम्ही वेळ मागितला. चूक केली का? (ठाणे)

नाही. तुम्ही योग्य केलं.

हार्ट अटॅक आलेला असेल, तर फुगा आणि स्टेंट जीव वाचवतात. तिथे मिनिटामिनिटाचा हिशेब असतो आणि दुसरं मत घेत बसू नये. पण तुमचं दुखणं ठरावीक श्रमानंतरच येतं, विश्रांतीने जातं, वाढत नाही. या स्थिर अवस्थेत स्टेंटने आयुष्य वाढतं का, हे फार मोठ्या प्रमाणावर तपासलं गेलं आहे. २००७ चा करेज अभ्यास २२८७ रुग्णांचा होता. २०२० चा इस्कीमिया अभ्यास ३७ देशांतल्या ५१७९ रुग्णांचा होता आणि त्यात भारतातली रुग्णालयंही होती. दोन्हींत निष्कर्ष एकच: चांगली औषधं चालू असतील, तर त्यांत स्टेंट किंवा बायपासची भर घालून मृत्यू किंवा हार्ट अटॅक कमी झाले नाहीत.

हे मनाला पटत नाही, मला माहीत आहे. ८० टक्के हा आकडा ऐकला, की उद्या शंभर होईल अशी धास्ती बसते. पण बहुतेक हार्ट अटॅक वाहिनी हळूहळू बंद होत जाऊन येत नाहीत. भिंतीतला चरबीचा मऊ थर फाटतो आणि त्यावर काही मिनिटांत गुठळी धरते. हा थर बऱ्याचदा ३०-४० टक्केच अडलेल्या जागी असतो. स्टेंट एका जागेला आधार देतो. गोळ्या सगळ्या वाहिन्यांमधला थर शांत ठेवतात.

मग स्टेंट कशासाठी? छातीतल्या त्रासासाठी. इथे ओर्बिटा या ब्रिटिश अभ्यासाचं मला मनापासून कौतुक वाटतं, कारण तो करायला धैर्य लागलं. २०१७ मध्ये त्यांनी २०० रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना खरा स्टेंट बसवला. उरलेल्यांना टेबलावर घेऊन नळीही घातली, पण स्टेंट बसवला नाही, आणि कुणाला काय मिळालं हे रुग्णांना कळू दिलं नाही. औषधं नीट चालू असताना दोन्ही गटांच्या व्यायामक्षमतेत ठळक फरक पडला नाही. २०२३ च्या दुसऱ्या अभ्यासात ३०१ रुग्णांची छातीदुखीची औषधं बंद ठेवली होती. तिथे खऱ्या स्टेंटने छातीतला त्रास स्पष्टपणे कमी झाला. म्हणजे गोळ्यांनी भागत नसेल किंवा गोळ्या सोसत नसतील, तर स्टेंट हा प्रामाणिक उपचार आहे.

मात्र डाव्या मुख्य वाहिनीत ब्लॉकेज असेल, हृदयाची पंपिंग ३५ टक्क्यांखाली असेल, किंवा दुखणं बसल्याजागी, वारंवार येऊ लागलं असेल, तर इस्कीमियाचा दिलासा तुम्हाला लागू नाही. असे रुग्ण त्या अभ्यासात घेतलेच नव्हते. आपला रिपोर्ट या तीन गोष्टींसाठी तपासून घ्या. २०१७ मध्ये सरकारने औषध लावलेल्या स्टेंटची किंमत सुमारे ३० हजारांवर बांधली, त्यामुळे 'बसवूनच टाकू' असं वाटणं सोपं झालं आहे. किंमत उतरली म्हणून गरज वाढत नाही.

प्रश्न: पायात औषध लावलेला फुगा टाकल्याने माणसं दगावतात असं वाचलं. माझ्या पायात तोच वापरला आहे. (नाशिक)

ही भीती २०१८ च्या अखेरीस सुरू झाली. पॅक्लिटॅक्सेल हे औषध लावलेल्या फुग्यांच्या आणि स्टेंटच्या २८ चाचण्या एकत्र केल्यावर काही वर्षांनी मृत्यू जास्त दिसले. अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही तेव्हा इशारा दिला होता. पुढे स्वीडनमधल्या २२८९ रुग्णांत मृत्यूंमध्ये फरक आढळला नाही आणि २०२३ मध्ये त्याच प्रशासनाने सांगितलं, की मृत्यूचा धोका वाढतो असं उपलब्ध माहितीवरून दिसत नाही. म्हणून घाबरून जाऊ नका. मला प्रश्न वेगळा पडतो. स्वीडनच्या त्या अभ्यासाचा अंतिम निकाल २०२५ मध्ये आला आणि औषधाच्या लेपाने पाय कापण्याचं प्रमाण कमी झालेलं दिसलं नाही. महाग फुगा सुचवला गेला, तर तो आपल्याला कशासाठी लागतो, हे विचारायला हवं.

प्रश्न: मिस्टर ३४ वर्षांचे आहेत. शुगर नाही, कोलेस्टेरॉल नाही. दिवसभर बिडी आणि तंबाखू. पायाची दोन बोटं काळी पडली आहेत. फुगा टाकून बरं होईल? (बीड)

हा बहुधा बर्जरचा आजार आहे. यात टोकाच्या बारीक वाहिन्यांना सूज येऊन त्या बंद होतात, म्हणून फुग्याला फारसा वाव राहत नाही. ताबडतोब दाखवा, पण खरा उपचार तंबाखू पूर्ण सोडणं हाच. बिडी सोडून मिश्री किंवा गुटखा चालणार नाही. दिवसातून एकही चालणार नाही. ज्यांनी पूर्ण सोडली, त्यांचे पाय बहुधा वाचतात. चालू ठेवणाऱ्यांचं एकामागून एक बोट जातं. त्यांना एकट्याने सुटत नसेल, तर व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांची आणि औषधांची मदत घ्या, त्यात कमीपणा नाही.

प्रश्न: पायात स्टेंट बसवून दोन महिने झाले. गोळ्या किती दिवस? दात काढायचा आहे. (पणजी)

यातली एखादी गोळी कायमची असते, दुसरी काही महिन्यांची. पायाच्या उपचारानंतर अॅस्पिरिनसोबत रिव्हारॉक्साबान ही रक्त पातळ ठेवणारी गोळी २.५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देण्याचा अभ्यास ६५६४ रुग्णांत झाला. तीन वर्षांत पाय धोक्यात येणं, पाय कापावा लागणं, हार्ट अटॅक, लकवा किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण १९.९ वरून १७.३ टक्क्यांवर आलं, रक्तस्राव मात्र थोडा वाढला. पूर्वी अल्सर किंवा मेंदूत रक्तस्राव झाला असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा. दातासाठी गोळ्या स्वतःहून बंद करू नका. एक दात काढायला बहुतेक वेळा गोळी थांबवावी लागत नाही, दंतवैद्य जागच्या जागी रक्त थांबवू शकतात. त्यांना तुमच्या गोळ्यांची चिठ्ठी दाखवा आणि स्टेंट बसवणाऱ्या डॉक्टरांना एक फोन करायला सांगा.