वाचकांचे प्रश्न: वंडरस्वॉनच्या कॅसेटी आणि त्यांची नोंदवही

बँडाईचा वंडरस्वॉन, हातात धरून खेळायचं गेमयंत्र, ४ मार्च १९९९ रोजी जपानात विक्रीला आला. गेम बॉयमागचं डोकं असलेले गुनपेई योकोई यांच्या 'कोटो' कंपनीने त्याची रचना केली. पण यंत्र दुकानात पोचायच्या आधीच, ऑक्टोबर १९९७ मध्ये, ते गेले. एका पेन्सिल सेलवर चालणारं हे यंत्र मुख्यतः जपानपुरतंच राहिलं. मुंबईत ते येतं ते कुणाच्या तरी सामानातून किंवा पोस्टाने. या वेळी आलेले सगळे प्रश्न त्याच्याच कॅसेटींचे आहेत.

प्रश्न (दादर): भावाने जपानहून चाळीसेक कॅसेटी आणल्या. काही खोक्यासकट, काही सुट्या. जपानी वाचता येत नाही. नोंद कशी सुरू करू?

एक्सेलमध्ये करा, पण एका गेमला एक ओळ देऊ नका. एका वस्तूला एक ओळ द्या. एकाच गेमच्या दोन कॅसेटी असतील तर दोन ओळी, दोन क्रमांक. खोकं, पुस्तिका आणि कॅसेट वेगवेगळ्या ठिकाणांहून येऊन एकत्र नांदत असतील तर तेही लिहून ठेवायचं. विकणारे 'संपूर्ण सेट' म्हणून देतात त्यातले बरेच असे जमवलेले असतात. त्यात वाईट काही नाही, फक्त नोंदीत 'जमवलेला' असं स्पष्ट हवं.

नाव वाचता येत नसलं तरी अडत नाही, कारण ओळख कोडवरून पटते. 'फायनल फँटसी'चा कोड एसडब्ल्यूजे-एसक्यूआरसी०१ असा आहे. मधली तीन अक्षरं प्रकाशकाची (एसक्यूआर म्हणजे स्क्वेअर, बीएएन म्हणजे बँडाई), पुढची तीन त्या गेमची. त्यांची सुरुवात 'सी'ने झाली तर तो रंगीत यंत्रासाठीचा. कॅसेटवरचा आणि खोक्यावरचा कोड स्वतंत्र रकान्यांत उतरवा. नाव कोडवरून शोधून जपानी लिपीत चिकटवा, शेजारी उच्चार देवनागरीत लिहा. फोनचा कॅमेरा करून देतो ते भाषांतर नोंदीत घेऊ नका. त्यातून गेमला भलतंच नाव पडतं आणि पुढे शोधताना कामाला येत नाही.

आता एक्सेलची खोड. नवीन फाइल उघडल्याबरोबर, काहीही टाइप करायच्या आधी, कोड आणि हॅश (कॅसेटमधल्या डेटावरून काढलेली, त्याची ओळख पटवणारी छोटी खूण) यांचे रकाने 'टेक्स्ट' करून घ्या. नाहीतर सुरुवातीची शून्यं गळतात. त्याहून वाईट म्हणजे सीआरसी३२ या प्रकारच्या हॅशमध्ये नुसते आकडे आणि मधे एकच 'ई' आला, समजा ४०१७२ई१५, तर एक्सेल त्याला घातांकाची संख्या समजून बदलून टाकतं, आणि नंतर रकाना टेक्स्ट केला तरी मूळ आकडा परत येत नाही. सीएसव्ही काढताना 'यूटीएफ-८' हाच पर्याय निवडा. साध्या सीएसव्हीत जपानी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं उरतात.

क्रमांकाची चिठ्ठी कॅसेटला चिकटवू नका. मुंबईच्या हवेत दोन पावसाळ्यांत गोंद सुटतो आणि चिकटा मूळ लेबलवर राहतो. कॅसेट झिपच्या पिशवीत, चिठ्ठी पिशवीत. फोटो काढताना दिवा बाजूने, साधारण ४५ अंशांतून मारा, म्हणजे लेबलवर चकाकी येत नाही आणि ओरखडे उठून दिसतात.

'दुर्मीळ' असा रकाना मात्र करू नका. किती रुपयांना, कधी, कुणाकडून घेतली एवढं लिहा. मागितलेली किंमत आणि प्रत्यक्ष विकली गेलेली किंमत यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. दुर्मिळतेची बहुतेक भाषा पहिल्या किमतीवरून आलेली असते.

प्रश्न (मालाड): अर्डुइनो मेगावर बांधलेला कॅसेट रीडर आणि वंडरस्वॉनचा अडॅप्टर घेतला. पण एकाच कॅसेटचा डेटा दोनदा उतरवला तर हॅश वेगळा येतो. रीडर खराब आहे का?

आधी व्होल्टेज बघा, आणि ते बघेपर्यंत दुसरी कॅसेट लावू नका. वंडरस्वॉनची कॅसेट ३.३ व्होल्टची आहे, मेगा बोर्ड ५ व्होल्टचा. रीडरवर निवडीचं बटण असेल तर ते ३.३ वर हवं. ५ व्होल्टवर कॅसेट कधी कधी वाचली जाते, म्हणून लोक फसतात. पण चिपवर ताण येतो आणि ती कायमची जाऊ शकते.

व्होल्टेज बरोबर असेल तर बहुतेक वेळा मळ. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीला लावून संपर्कपट्ट्यांच्या लांबीच्या दिशेने पुसा, काडी काळी यायची थांबेपर्यंत. कॉम्प्युटरच्या रॅमला खोडरबर घासायची आपल्याकडच्या मेकॅनिकांची सवय इथे नको. रबर घासतं म्हणजे खरवडतंच. पट्ट्यांवरचा सोन्याचा थर अगदी पातळ असतो, तो एकदा गेला की खालचं तांबं आपल्या दमट हवेत हिरवं पडतं. थिनर आणि पेट्रोल तर प्लास्टिकच विरघळवतात.

डेटा बरोबर उतरला की नाही हे कॅसेट स्वतःच सांगते. फाइलचे शेवटचे १६ बाइट हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधला एकेक बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) उघडा. त्यातला पहिला 'ईए' हवा. सातवा प्रकाशकाचा (०१ बँडाई, २८ स्क्वेअर), आठवा रंगाचा, नववा गेमचा क्रमांक, दहावा आवृत्तीचा, अकरावा आकाराचा, बारावा सेव्ह कशात होतो त्याचा. शेवटचे दोन म्हणजे चेकसम: फाइलमधल्या त्यांच्या आधीच्या सगळ्या बाइटांची बेरीज, तिचे खालचे १६ बिट, खालचा बाइट आधी. बेरीज जुळत नसेल तर उतरवणं फसलंय.

अकराव्या बाइटवरून आकार पडताळा: ०२ म्हणजे ५१२ किलोबाइट, ०३ म्हणजे १ मेगाबाइट, ०४ म्हणजे २, ०६ म्हणजे ४, ०८ म्हणजे ८. रीडरमध्ये आकार मोठा निवडला गेला असेल तर तोच मजकूर फाइलमध्ये दोनदा येतो. कॅसेट धडधाकट, पण हॅश कुठल्याच यादीशी जुळत नाही. बेरीज जुळली, कॅसेट काढून पुन्हा लावून दुसऱ्यांदा तोच हॅश आला, मग 'नो-इंट्रो' गटाच्या, अस्सल प्रतींचे हॅश देणाऱ्या यादीशी ताडून बघा.

दहावा बाइट नोंदवहीत जरूर घ्या. बाहेरून कोड तोच, लेबल तेच आणि आत सुधारलेली आवृत्ती, हा फरक दुसरीकडे कुठे दिसत नाही. राहिला कायद्याचा प्रश्न: भारतीय कॉपीराइट कायद्याचं कलम ५२(१)(एए) प्रोग्रॅमची प्रत ज्याच्याकडे कायदेशीररीत्या आहे त्याला ती गहाळ किंवा खराब होण्यापासून संरक्षण म्हणून राखीव प्रत करू देतं. ती वाटायला नव्हे.

प्रश्न (ठाणे): फायनल फँटसी माझ्या वंडरस्वॉनवर चालत नाही. कॅसेट खराब?

तुमचं यंत्र पहिलं, काळ्या-पांढऱ्या पडद्याचं असणार. हा गेम ९ डिसेंबर २००० ला वंडरस्वॉन कलरबरोबर आला आणि त्याला रंगीत यंत्रच लागतं. कलर किंवा २००२ चा स्वॉनक्रिस्टल. उलट चालतं: जुन्या कॅसेटी नव्या यंत्रांवर लागतात.

प्रश्न (मुलुंड): एक जण 'जजमेंट सिल्व्हरस्वोर्ड' विकतोय, सुटी कॅसेट, किंमत चांगलीच चढी. खरी कशी ओळखायची?

आधी तो नेमकं काय विकतोय ते ठरवा, कारण या नावाखाली तीन गोष्टी फिरतात. वंडरविच हा क्यूट कंपनीचा संच होता, घरी बसून वंडरस्वॉनसाठी प्रोग्रॅम लिहायचा. हा गेम मुळात त्यावर जन्मला आणि त्याच्या स्पर्धेत जिंकला. म्हणजे वंडरविचच्या कॅसेटमध्ये भरलेली मूळ प्रत ही एक. क्यूटनेच २००४ मध्ये थोड्या संख्येने काढलेली 'रीबर्थ एडिशन' कॅसेट ही दुसरी, आणि पैसा आहे तो हिच्यात. तिसरी म्हणजे कुणीतरी आता बनवलेली. 'डायसिंग नाइट' घ्यायचा असेल तरी हाच हिशेब, त्याचाही जन्म वंडरविचवरचा.

चेकसम आणि हॅश इथे उपयोगाचे नाहीत. नकलेत डेटा अस्सलच भरलेला असतो, मग बेरीज जुळणारच. वस्तू बघावी लागते. १० पटीचं भिंग घ्या (लॅमिंग्टन रोडला मिळतं, घड्याळवाल्याकडे असतंच) आणि लेबलवरच्या सपाट रंगाचा तुकडा बघा. छापखान्यातल्या ऑफसेट छपाईत ठिपके नियमित जाळीत, फुलासारख्या रचनेत बसलेले दिसतात. इंकजेटचे ठिपके रांगोळी विस्कटल्यासारखे, कुठेही पडलेले. बारीक अक्षरांच्या कडाही बघा: काळं अक्षर एकाच शाईचं असेल तर कड स्वच्छ, चार रंगांतून बनवलेलं असेल तर भोवती रंगीत झालर. त्याच काळातली दुसरी अस्सल कॅसेट शेजारी ठेवूनच हे करा. आठवणीवर विसंबू नका.

मग विकणाऱ्याकडून बोर्डाचा फोटो मागा. अस्सल कॅसेटमध्ये 'बँडाई २००१' किंवा 'बँडाई २००३' छापलेली मॅपर चिप (यंत्र आणि कॅसेटची मेमरी यांना जोडणारी) असते. ती नसून तिथे एखादी प्रोग्रॅम करता येणारी लॉजिक चिप असेल तर विषय संपला. ती असली म्हणजे मात्र विषय संपत नाही: स्वस्त गेमची कॅसेट फोडून तिची मेमरी चिप काढायची आणि दुसरी बसवायची, ही नकलेची जरा वरची पायरी. तिथे मेमरी चिपच्या पायांवरचं सोल्डर शेजारच्या चिपपेक्षा वेगळं दिसतं, जाड, कमी-जास्त, आणि पायांमध्ये फ्लक्सचा (सोल्डर करताना लावायच्या पदार्थाचा) पिवळट चिकटा राहिलेला असतो. फ्लॅश चिप (पुन्हा पुन्हा लिहिता येणारी मेमरी) दिसली म्हणून लगेच खोटी म्हणू नका, वंडरविचची कॅसेट फ्लॅशचीच असते. म्हणून तर आधी वस्तू कुठली ते ठरवायचं.

उघडून फोटो द्यायला नकार आला, तर आमचा सल्ला सोडून द्या असा. त्या किमतीला 'बहुतेक खरी' परवडत नाही.

प्रश्न (वसई): कपाट उघडलं की व्हिनेगरसारखा वास येतो. दोन यंत्रांपैकी एकाच्या पडद्यावर डाग वाढतोय. डांबरगोळ्या ठेवल्या आहेत.

डांबरगोळ्या आज काढा. नॅफ्थलीनची वाफ काही प्लास्टिकांना मऊ करते, आणि ज्यासाठी त्या ठेवल्या ते दुखणं वेगळंच आहे. पडद्याच्या ध्रुवक (पोलरायझर) फिल्ममध्ये सेल्युलोज ट्रायअॅसिटेट असतं. ओल आणि उष्णतेने ते तुटतं आणि अॅसेटिक आम्ल सुटतं. तोच व्हिनेगरचा वास. सुटलेलं आम्ल पुढची मोडतोड आणखी वाढवतं, शेजारच्या फिल्मलाही लागतं. म्हणून वास येणारं यंत्र वेगळं करा, सेल काढा आणि हवा खेळेल अशा कोरड्या जागी उघडं ठेवा. घट्ट डब्यात कोंडलंत तर आम्ल आतच राहील. डाग पुसून जात नाही. फिल्म बदलणं किंवा पूर्ण पडदा बदलणं हे दोनच मार्ग. कलरसाठी नव्या आयपीएस पडद्याचे संच मिळतात, पण संग्रहात एकच यंत्र असेल तर आम्ही नुसती फिल्म बदलू आणि मूळ काच राखू. फिल्म लावताना जुनीचा कोन खुणेने जपा. चुकला तर चित्र उलटं, म्हणजे काळ्याचं पांढरं, किंवा फिकट दिसतं.

बाकीचं सामान, म्हणजे वास न येणारं यंत्र, कॅसेटी, खोकी, हवाबंद डब्यात ठेवा. दहा लिटरच्या डब्याला २००–२५० ग्रॅम सिलिका जेल, नारिंगी रंगाचं, म्हणजे ओल शोषून भरल्यावर रंग बदलतो ते. आत लहान आर्द्रतामापक. तो खरं बोलतो का हे आधी तपासा: बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ, ओला गोळा होईल एवढंच पाणी, मापकासकट झिपच्या पिशवीत बारा तास. ७५ टक्के दाखवायला हवेत. दाखवले नाहीत तर जेवढा फरक तेवढा पुढे कायम धरायचा.

डब्यात ४० ते ५० टक्के असू द्या. ५५ च्या वर गेलं की जेल ओव्हनमध्ये ११०–१२० अंशांवर दोन तास तापवा आणि झाकलेल्या भांड्यात थंड करून परत घाला. जून ते सप्टेंबर हे काम वारंवार लागेल. ३० च्या खालीही नेऊ नका, खोक्यांचा पुठ्ठा वाकतो. आणि डबा भरायचा तो कोरड्या दिवशी. जुलैत भरलात तर पावसाळाच आत बंद कराल.

प्रश्न (गिरगाव): एका कॅसेटमध्ये सेव्ह टिकत नाही. आतला सेल बदलायचा का?

आधी सेल आहे का ते बघा. वर सांगितलेल्या १६ बाइटांतला बारावा वाचा: १०, २० किंवा ५० असेल तर सेव्ह ईईप्रॉममध्ये (वीज नसतानाही मजकूर राखणाऱ्या चिपमध्ये) होतो, त्याला सेल लागत नाही, आणि बिघाड संपर्कपट्ट्यांत किंवा चिपमध्ये शोधायचा. ०० असेल तर कॅसेटमध्ये सेव्हची सोयच नाही. ०१ ते ०५ असेल तर एसरॅम, म्हणजे वीज गेली की विसरणारी मेमरी, आणि तिला सेल हवाच.

उघडण्यापूर्वी रीडरने सेव्ह उतरवून घ्या. काही गेमांत सेल संपत आलेला असतो, मेलेला नसतो, आणि तो काढला की उरलंसुरलंही जातं. नवा सेल घेताना जुन्यावरचा नंबर वाचा. पहिले दोन आकडे व्यासाचे, पुढचे दोन जाडीचे: सीआर१६१६ म्हणजे १६ मिलिमीटर व्यास, १.६ जाडी, सीआर२०३२ मात्र ३.२ मिलिमीटरची जाडी घेऊन येतो आणि मग कॅसेटचं झाकणच बसत नाही. नुसता सेल आणून त्यावर थेट सोल्डर करू नका, लिथियम सेल तापला की फुटू शकतो. पट्ट्या वेल्ड केलेला सेल मागा. ग्रँट रोड स्टेशनबाहेर लॅमिंग्टन रोडला मिळतो, रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात.

सोल्डरिंग आयर्न ३५० अंश, एका सांध्याला दोन-तीन सेकंद, त्याहून जास्त नाही. धन-ऋण बोर्डावरच्या खुणेशी ताडा. पट्टी शेजारच्या पायाला टेकत असेल तर खाली कॅप्टॉन (उष्णता सोसणारी) टेप. बंद करण्याआधी मीटर लावा: नव्या सेलला ३ व्होल्ट किंवा थोडे जास्त. उतरवलेला सेव्ह परत भरा, यंत्र बंद करा, कॅसेट रात्रभर बाहेर ठेवा आणि सकाळी बघा. सेव्ह जागेवर असला की नोंदवहीत सेल बदलल्याची तारीख आणि नंबर टाका.