मागच्या वर्षाचा फॉर्म १६ भरला गेलाय, आता काय?

तुमचा प्रश्न असा: असेसमेंट इयर २०२५-२६ च्या (म्हणजे २०२४-२५ मधल्या कमाईच्या) इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये चुकून आधीच्या वर्षाच्या फॉर्म १६ चे (नोकरी देणाऱ्याने दिलेल्या पगार आणि कापलेल्या कराच्या दाखल्याचे) आकडे गेले, आणि म्हापशातले जाणकार सांगतात, गप्प बसा, रिव्हाइज केलं, म्हणजे सुधारित रिटर्न भरलं, की स्क्रुटिनी (खात्याची सखोल तपासणी) लागते.

हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. चूक सुधारायची सोय आयकर कायद्यानेच कलम १३९(५) मध्ये दिली आहे. गप्प बसलात तर सीपीसी (रिटर्न तपासणारं आयकर खात्याचं केंद्र) तुमचा टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला कर, २६एएसशी (खात्याकडच्या टीडीएसच्या नोंदीशी) ताडून बघणार, जुळेल तेवढाच धरणार आणि उरलेली रक्कम व्याजासकट मागणार.

आधी चूक कुठवर पसरलीय ते बघा. २६एएस उघडताना असेसमेंट इयर निवडतात, एआयएसमध्ये (तुमच्या उत्पन्नाच्या आणि व्यवहारांच्या खात्याकडच्या गोषवाऱ्यात) फायनान्शियल इयर, म्हणजे कमाईचं वर्ष. म्हणजे एकीकडे २०२५-२६ आणि दुसरीकडे २०२४-२५. दोन्हीकडे २०२४-२५ ठेवलं की घोळ झालाच. फॉर्म १६ ची खूण सोपी: नव्या रिजीममध्ये (करपद्धतीत) स्टँडर्ड डिडक्शन (पगारातून मिळणारी सरसकट वजावट) ५०,००० दिसलं तर तो जुना, ७५,००० दिसलं तर २०२४-२५ चा.

रिटर्न अजून व्हेरिफाय केलं नसेल तर रिव्हाइज कशाला, सरळ डिस्कार्ड करून नवं भरा. केलं असेल तर १३९(५) निवडा, मूळ पावतीचा १५ अंकी नंबर आणि तारीख घाला, आणि सगळं रिटर्न पुन्हा भरा. नुसते चुकलेले रकाने भरून चालत नाही, कारण आता हेच रिटर्न जुन्याची जागा घेणार. मग ३० दिवसांत ई-व्हेरिफाय. या वर्षासाठी रिव्हाइज करायची मुदत ३१ डिसेंबर २०२५ होती. त्यानंतर आयटीआर-यू (अपडेटेड रिटर्न) उरतो, पण त्यात जादा कर २५ टक्क्यांपासून सुरू होतो आणि रिफंड मागता येत नाही.

आता गोव्याची गोष्ट, जी बाहेरचे सल्लागार हमखास विसरतात. विवाहित असाल आणि गोव्याची पोर्तुगीज नागरी संहिता तुम्हाला लागू असेल तर कलम ५ए, म्हणजे उत्पन्न नवरा-बायकोत वाटायचा नियम. पगार वाटला जात नाही, पण एफडीचं व्याज, घरभाडं, भांडवली नफा नवरा-बायकोत अर्धा-अर्धा. व्याजही जुन्या वर्षाचं उचललं असेल तर बायकोच्या रिटर्नमधला अर्धा भागही चुकला, म्हणजे रिव्हाइज दोन्ही करायची. रिटर्नमधल्या शेड्यूल ५ए या तक्त्यात जोडीदाराचा पॅन, वाटलेलं उत्पन्न आणि त्यावरच्या टीडीएसचा वाटा, तिन्ही लागतात. टीडीएस वाटायचा राहिला की एकाचा रिफंड अडकतो आणि दुसऱ्याला डिमांड येते. असं वाटण्याजोगं उत्पन्न असताना आयटीआर-१ चालत नाही. तो भरला असेल तर रिव्हाइज करताना आयटीआर-२ घ्या.

आकडे बरोबर पण असेसमेंट इयरच चुकीचं निवडलं असेल, तर रिव्हाइज करून वर्ष बदलत नाही. योग्य वर्षाचं रिटर्न वेगळं भरावं लागतं. कर भरल्याच्या चलनावर वर्ष चुकलं असेल तर पोर्टलवरची दुरुस्ती भरणा केल्यापासून ७ दिवसांतच होते, पुढे असेसिंग ऑफिसरकडे अर्ज.

आणि हो, लग्नाआधी नोटरीकडे मालमत्ता वेगळी ठेवायचा करार केला असेल तर ५ए चं वरचं सगळं तुम्हाला लागू नाही. तो कागद आधी शोधा.