डोंगर ‘तो’, नदी ‘ती’, मग शेत ‘ते’ का?

नागपुरातल्या एका डी.एल.एड.च्या (प्राथमिक शिक्षक पदविकेच्या) छात्राध्यापिकेने विचारले आहे: परिसर अभ्यासाच्या सराव पाठाचे टाचण काढताना वर्गात असे ठरले, की डोंगर कणखर म्हणून पुल्लिंगी आणि नदी प्रेमळ म्हणून स्त्रीलिंगी, असे मुलांना सांगावे. हे बरोबर आहे का?

नाही, आणि मुलांना तर हे मुळीच सांगू नका. स्वभावावरून लिंग ठरत असते तर दरी, खिंड, दलदल यांत प्रेमळ काय आहे? तिन्ही ‘ती’. झरा हळुवार, तरी ‘तो’. आणि शेत, रान, तळे, पठार यांचा स्वभाव कोणता सांगणार?

हा समज येतो कुठून ते मात्र कळते. डबा-डबी, गाडा-गाडी, दोर-दोरी, टेकाड-टेकडी अशा जोड्यांत ‘ई’ लागली की वस्तू लहान होते. त्यावरून लहान आणि नाजूक ते स्त्रीलिंगी, असे मनात बसते. पण ही करामत प्रत्ययाची, ती जोडीबाहेर चालत नाही. आड अरुंद तरी ‘तो’, विहीर ऐसपैस तरी ‘ती’. ओढा ‘तो’, नाला ‘तो’ आणि त्यांना पोटात घेणारी वैनगंगा ‘ती’. धोंडा उचलून फेकता येतो, धोंड जागची हलत नाही. इथे तर मोठी तीच स्त्रीलिंगी! आणि टेकडी नाजूक कशी म्हणावी? नोव्हेंबर १८१७मध्ये नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली ती सीताबर्डीच्या टेकडीवरच.

नागपूरच्या वर्गात हे समजावणे सोपे आहे, कारण बरीच मुले घरी हिंदी बोलतात. ‘बडा जंगल’ म्हणणारे पोर शाळेत ‘मोठे जंगल’ म्हणते. हिंदीत नपुंसकलिंग नाही, एवढाच फरक. पेंचचे जंगल तेच. नाग नदीला कोणी ‘नाला’ म्हटले की ‘ती’चा ‘तो’ होतो, पाणी तेच. संस्कृतात तर अमरकंटकच्या एकाच परिसरात उगम पावणाऱ्या दोघांपैकी नर्मदा ‘नदी’ आहे आणि शोण (आजची सोन नदी) मात्र ‘नद’, म्हणजे पुल्लिंगी.

नदीला आई म्हणण्यात काहीच वावगे नाही, ती श्रद्धा आहे. ते व्याकरणाचे कारण म्हणून फळ्यावर येऊ नये, इतकेच. कारण ‘कणखर तो, हळवी ती’ हे तिसरीतली मुलगी डोंगराबद्दल ऐकते आणि स्वतःबद्दल धरून बसते. मला याची फार काळजी वाटते.

परिसराकडे मुलगे आणि मुली कसे पाहतात हे पाठात आणायचेच असेल, तर वेगळा उपक्रम घ्या. प्रत्येकाला गावाचा नकाशा काढायला सांगा, पण रोज स्वतः जातो-जाते तेवढ्याच जागा दाखवायच्या. हातपंप, सरपणाची वाट, मोहाची झाडे, क्रिकेटचे मैदान, पार यांतले काय कोणाच्या कागदावर येते ते नावांसकट फळ्यावर मांडा, आणि असे का, हे मुलांनाच विचारा.