पडदा हिरवा, पाइप पातळ

प्रश्न : मी जळगाव एमआयडीसीतल्या पीव्हीसी पाइपच्या कारखान्यात क्वालिटी बघतो. नव्या लाइनवर अल्ट्रासोनिक सेन्सर बसलेत. पाइपची जाडी पडद्यावर आणि शेठजींच्या मोबाइलवर दिसते, सगळं हिरवं. पण दुपारपाळीचा जुना ऑपरेटर म्हणतो, "साहेब, हातले पातय लागस." शेठजी म्हणतात, हाताने जाडी मोजायचा मायक्रोमीटर बंद करा, तपासनीस कमी करा. काय करू?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : भाऊ, तपासनीस कमी करू नका, आणि त्या ऑपरेटरचं म्हणणं आजच तपासा.

तुमचा सेन्सर जाडी थेट मोजत नाही, वेळ मोजतो. ध्वनिलहर भिंतीच्या आतल्या बाजूवर आपटून परत येते. त्या वेळेवरून आणि पीव्हीसीतल्या ध्वनीच्या वेगावरून जाडी काढली जाते. पीव्हीसी गरम असलं की हा वेग घटतो. लहर उशिरा परतते आणि यंत्र भिंत आहे त्यापेक्षा जाड दाखवतं. सेटिंग गार तुकड्यावर केलेलं असेल, तर आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकल्यावर, पाइप थंड करणारं पाणी गार ठेवणारा चिलर दमलेला असताना, हे घडणारच. चूक नेमकी धोक्याच्या बाजूला होते.

दुपारी दोनला आणि पहाटे पाचला त्याच लाइनवरून तुकडे कापा. त्या क्षणी पडद्यावर असलेला आकडा, सेन्सरची जागा आणि टाकीतल्या पाण्याचं तापमान मार्करने तुकड्यावरच लिहा. तुकडा पूर्ण गार झाला की सेन्सरच्या त्याच जागी मोजा. मायक्रोमीटर गोल टोकाचा घ्या. चपट्या टोकाचा आतल्या वळणावर कडांनी टेकतो आणि तोही जाडी फुगवून सांगतो. पडदा आणि मायक्रोमीटर यांतला फरक दुपारी मोठा आणि पहाटे लहान आला, तर दोष तापमानाचा. दोन्ही वेळी सारखाच आला, तर कॅलिब्रेशन, म्हणजे माहीत असलेल्या जाडीशी सेन्सर जुळवणं, नव्याने करून घ्या.

आणि हिरवा रंग म्हणजे माल मर्यादेत आहे, इतकंच. जाडी तासातासाला खाली सरकत असेल तरी मर्यादा ओलांडेपर्यंत रंग बदलत नाही. ही घसरण आधी पकडायला वॉल्टर शुहार्ट यांनी 1924 साली वेस्टर्न इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीत नियंत्रण आलेख, म्हणजे मोजमापं वेळेच्या क्रमाने दाखवणारा आलेख, मांडला. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये तो बहुधा असेलच. तो पडदा ऑपरेटरसमोर लावा आणि लाइन थांबवायचा अधिकार त्याला द्या.

शेठजींना आयएसओ 9001:2015 या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाचं कलम 7.1.5 दाखवा. मोजमापाचं साधन भरवशाचं आहे याचा पुरावा ठेवायला ते सांगतं, आणि सेन्सरही साधनच आहे. शिवाय त्यांना शेतकऱ्याची रात्र सांगा. लाइट येते, ऑटोस्टार्टर मोटर चालू करतो, पाण्याचा पहिला दणका सर्वांत पातळ जागेवर बसतो. काळ्या मातीत गाडलेला पाइप ऐन केळीच्या हंगामात उकरणं काय असतं, हे रावेर-यावलच्या कुठल्याही बागायतदाराला विचारा.

दोन्ही वेळचे आकडे हाती आले की मला पाठवा. पुढच्या अंकात ते घेऊनच बोलू.