दोन दिवसांची रत्नागिरी

प्रश्न : डिसेंबरात वृद्ध आईवडिलांसह दोन दिवस रत्नागिरीला जाणार आहोत. काय पाहावे, कुठे जेवावे?

उत्तर : ब्रह्मदेशाच्या पदच्युत थिबा राजासाठी इंग्रजांनी बांधलेला राजवाडा आणि टिळकांचे जन्मस्थान पहिल्या दिवशी निवांत पाहून होते. रत्नदुर्गावर भगवतीचे मंदिर आहे. तिथे ऊन उतरल्यावरच जावे. मांडवीची काळी वाळू पाहून झाली, की आलिशान हॉटेलाच्या मोहात न पडता एखाद्या साध्या खानावळीत बसावे आणि मिरकरवाडा बंदरावर आज काय उतरले, एवढेच विचारून ताट सांगावे. तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले, तांदळाची भाकरी आणि वाटीभर सोलकढी मिळाली, तर पापलेटाचा हट्ट कशाला? शाकाहारी मंडळींनी उकडीच्या मोदकांची चौकशी आदल्या दिवशीच करावी.