हबशी : रंगाचा शब्द की देशाचा?

प्रश्न असा आहे की ‘हबशी’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘काळ्या वर्णाचा माणूस’ असा आहे काय, आणि जंजिऱ्याच्या मुलखाला ‘हबसाण’ म्हणत त्याच्याशी या शब्दाचा संबंध आहे काय.

दुसऱ्या भागाचे उत्तर सरळ आहे : हबसाण म्हणजे हबशांचा मुलूख. मराठी कागदपत्रांत जंजिरेकर सिद्दीला, म्हणजे जंजिऱ्याच्या हबशी सत्ताधीशाला, ‘शामल’ असेही म्हटलेले आढळते. वर्णावरून पडलेले नाव ते. ‘हबशी’ मात्र मुळात वर्णवाचक नाही. तो अरबी ‘हबश’ (आजच्या इथिओपियाच्या बाजूचा मुलूख) या देशनामापासून फारसीमार्गे दख्खनेत आला, आणि हे देशनाम अरबीहूनही जुने आहे. इ.स. 200च्या सुमारास दक्षिण अरबस्तानातील शिलालेखांत ‘हबशत’च्या राजाचा उल्लेख येतो. चौथ्या शतकात अक्सुमचा (आजच्या उत्तर इथिओपियातील प्राचीन राज्याचा) राजा एझाना याने आपल्या बिरुदांत हेच नाव मिरवले आणि त्याच मजकुराच्या ग्रीक पाठात त्या जागी ‘एथिओपिया’चे लोक आले. अरबीत ‘हबश’ धातूचा अर्थ ‘गोळा करणे’ असल्यामुळे ‘हबशी म्हणजे मिश्र जमाव’ अशी व्युत्पत्ती काही जण देतात. ती मला मागाहून जुळवलेली वाटते.

हे अक्सुम आडबाजूचे राज्य नव्हते. तांबड्या समुद्रावरील त्याच्या अदुलिस बंदरातून हस्तिदंत, कासवाची पाठ आणि गेंड्याची शिंगे बाहेर जात, तर आपल्या पश्चिम किनाऱ्याकडून लोखंड, पोलाद व सुती कापड तेथे पोहोचत असे, अशी नोंद पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवृत्तात आहे. अक्सुमचे राजे सोन्याची नाणी पाडत. एझानाने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर त्या नाण्यांवरील चंद्रकोर व बिंब जाऊन क्रूस आला. पुढे 615च्या सुमारास मक्केतील छळाला कंटाळलेल्या आरंभीच्या मुसलमानांनी आश्रय घेतला तो, इस्लामी परंपरेनुसार, हबशच्या ख्रिस्ती राजाकडेच. त्या परंपरेतील ‘नजाशी’ हे व्यक्तीचे नाव नसून इथिओपियातील प्राचीन गीझ भाषेतील ‘नगुस’, म्हणजे राजा, या पदवीचे अरबी रूप आहे.

शब्दाची घसरण गुलामांच्या व्यापारात झाली. इथिओपियाच्या डोंगराळ भागातील लोक स्वतःला आजही अभिमानाने ‘हबेशा’ म्हणवतात, पण दख्खनेत ‘हबशी’ म्हणून आलेले कित्येक जण त्या ख्रिस्ती राज्याच्या सीमेबाहेरील समाजांतून पकडून विकलेले होते. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर (मृत्यू 1626) हाही लहानपणी विकला गेलेला, आणि इतिहासकार त्याला बहुधा पूर्व इथिओपियातील हरारच्या बाजूचा मानतात. विकणाऱ्याला जातकुळीशी कर्तव्य नसे. ज्या किनाऱ्याने माल चढवला त्याचे नाव त्याने सरसकट सर्वांना लावले आणि पुढे आफ्रिकेतून आलेल्या कोणालाही ‘हबशी’ म्हणण्याची रीत पडली.

तेव्हा ऐतिहासिक लेखनात शब्द वापरायला हरकत नाही, मात्र आजच्या माणसाच्या वर्णासाठी तो वापरणे चुकीचेही आहे आणि अपमानकारकही.